हॅम्लेट, मटिल्डा आणि मोंढ्यातली मनी

नमस्कार श्रोतेहो.

न्यू यॉर्क शहरात ४४व्या रस्त्यावर अल्गॉन्क्विन नावाचं हॉटेल आहे, १९०२ साली सुरू झालेलं. १९१९ पासून दहाएक वर्षं तिथल्या गोल टेबलाभोवती लेखक, समीक्षक आणि नाटकवाले दुपारच्या जेवणाला जमायचे. लेखिका डोरोथी पार्कर त्यांतल्याच. १९८७ मध्ये शहरानं या इमारतीला वारसा वास्तूचा दर्जा दिला. पण मला तिथल्या मांजरांबद्दल बोलायचंय.

१९३०च्या दशकात एक भटका बोका या हॉटेलात शिरला. मालक फ्रँक केस यांनी त्याला हाकललं नाही, ठेवून घेतलं. हॅम्लेट हे नाव म्हणे नट जॉन बॅरीमोर यांनी सुचवलं. शेक्सपिअरच्या नाटकातली त्यांची हॅम्लेटची भूमिका गाजलेली होती. तेव्हापासून रीतच पडली: बोका असला की हॅम्लेट, मांजरी असली की मटिल्डा. एक गेलं की दुसरं येतं, गादी रिकामी राहत नाही. २०११ मध्ये आरोग्य खात्यानं बजावलं, जेवण वाढतात तिथं मांजर नको. हॉटेलानं मांजर काढलं नाही, त्याची हद्द तेवढी आखून दिली. २०१७ साली आलेला तांबूस हॅम्लेट तर बेवारस मांजरांतून उचललेला.

आता आपल्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात या. आडत दुकानात तुरीच्या, हरभऱ्याच्या कट्ट्यांची थप्पी, आणि वर पाय पसरून झोपलेली मनी. काटा झाला, शेतकरी हिशेबाच्या पट्टीची वाट बघत बसलाय. मनी मुनीमजींच्या वहीवर येऊन बसते, आणि मुनीमजी तिची झोप न मोडता हळूच पान ओढून घेतात. हे प्रेमच आहे. शिवाय उंदीर कट्टे कुरतडतात, सांडतात, नासवतात; त्यांच्यावर वचक तिचाच. तरी तीच मनी रस्त्यात आडवी गेली की आपण थबकतो! मला याचं फार वाईट वाटतं.

तिचा मान ठेवायला खर्च फारसा नाही. दूध पाजू नका, मोठ्या मांजरांना ते बहुधा पचत नाही, पोट बिघडतं. आपल्याकडचा उन्हाळा कसा असतो ते तुम्हाला ठाऊक आहे. सावलीत पाण्याची वाटी ठेवा. रेबीजची लस टोचून घ्या. आणि नसबंदी करा. मांजरी पाच-सहा महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, साधारण दोन महिन्यांत विते, वर्षातून दोन-तीनदा. मग ती पिल्लं पोत्यात घालून गावाबाहेर सोडतात, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. ते थांबायला हवं.

आडतवाले, लॉजवाले, खानावळवाले कुणी ऐकत असाल तर जवळच्या जनावरांच्या दवाखान्यात चौकशी करा. नेताना झाकणाची टोपली घ्या, आत जुनं धोतर अंथरा, आणि शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री किती वाजेपर्यंत खायला द्यायचं ते डॉक्टरांना आधी विचारून ठेवा.

नमस्कार.