बोंबलाचं बदक

नमस्कार श्रोतेहो.

परवा मी मोबाइलवर बदक सोलायला शिकलो. शोधत होतो बोंबील. आमची ही महिनाभर लेकीकडे पुण्याला गेलीय आणि गिरगावात जन्म काढूनही मला बोंबील तळता येत नाहीत. म्हटलं, बघू. एक मराठी लेख लगेच समोर आला. शीर्षक होतं, 'मुंबईचे बदक घरी कसे बनवावे'. पहिलीच सूचना, 'बदक स्वच्छ धुऊन त्याचे पंख कापून घ्या.' आणि दोन ओळी खाली, 'काटे सावधपणे काढा.' पंखही आहेत आणि काटेही आहेत, असा प्राणी मी तरी राणीच्या बागेत पाहिलेला नाही.

मग उलगडा झाला. बोंबलाला इंग्रजीत 'बॉम्बे डक' म्हणतात. कुणीतरी इंग्रजी लेख यंत्राच्या तोंडी दिला, यंत्राने डकचं बदक केलं, माशाच्या परांचे पंख केले आणि ते तसंच्या तसं छापून मोकळे झाले. मधे एकाही माणसाने ते वाचलेलं नव्हतं. वाईट याचं वाटलं की जी खरी गोम आहे तीच त्यात नव्हती. बोंबलात पाणी फार. तो चिरून उघडायचा, मधला काटा काढायचा, फडक्यात गुंडाळून वर पाटा ठेवायचा. पाणी निथळलं की मग मीठ, हळद, तिखट आणि रवा. पाटा ठेवला नाहीत तर तव्यावर लगदा होतो. मला हे शेजारच्या काकूंनी जिन्यात उभ्या उभ्या सांगितलं, दीड मिनिटात.

मी चौतीस वर्षं छापखान्यात मुद्रितशोधक होतो. चूक दिसली की हात आपोआप पेन्सिलीकडे जातो. म्हणून हा लेख भाचीला दाखवला, कारण ती अशाच एका साइटसाठी लिहिते. ती हसली आणि म्हणाली, "मामा, हा बरा म्हणायचा. निदान बदक ओळखू येतं."

तिला शब्दाला वीस पैसे मिळतात. पाचशे शब्दांचे शंभर रुपये. दिवसाला सहा-सात लेख. सकाळी मूळव्याधीवर घरगुती उपाय, दुपारी म्युच्युअल फंड, संध्याकाळी शिवरायांचे किल्ले. मी विचारलं, "अगं, मूळव्याधीतलं तुला काय कळतं?" ती म्हणाली, "मला कशाला कळायला हवं? गुगलला कळलं की झालं." पद्धत अशी की शोधात वर आलेले दहा लेख उघडायचे, प्रत्येकातून थोडं थोडं उचलायचं, नक्कल पकडणाऱ्या यंत्राला सापडू नये म्हणून शब्द फिरवायचे आणि कीवर्ड पेरायचे. आता त्या दहातल्या नऊ जणांनीही हेच केलेलं असतं. वाचणाऱ्याला वाटतं दहा साक्षीदार आहेत. असतो एकच, आणि तोही घटनेच्या वेळी गावाला गेलेला.

शब्दावर पैसे म्हटल्यावर पाणीही घालावंच लागतं. 'बोंबील हा एक मासा आहे. मासा हा पाण्यात राहतो.' झाले की दीड रुपयाच्या वर! या लेखांवरही कुणीतरी पाटा ठेवायला हवा.

आता त्या बॉम्बे डकचीच गोष्ट घ्या. कुठलाही लेख उघडा, सुके बोंबील मुंबईहून डाकगाडीने जायचे, डब्यात वास सुटायचा, म्हणून 'बॉम्बे डाक' आणि त्याचं साहेबाने 'डक' केलं, असं लिहिलेलं असतं. गोष्ट गोड आहे, मीही पाहुण्यांना ऐकवलीय. पण आपल्याकडे पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ठाण्याला गेली ती १६ एप्रिल १८५३ रोजी आणि 'बॉम्बे डक' हे नाव इंग्रजी छपाईत त्याच्या कितीतरी वर्षं आधीपासून सापडतं. गाडीच नव्हती तर वास कुठल्या डब्यात सुटला?

डबा म्हटला की आपले डबेवाले आले. १८९०च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेलं हे काम. त्यांच्याविषयी लिहिताना 'फोर्ब्स मासिकाने त्यांना सिक्स सिग्माचं प्रमाणपत्र दिलं' हे वाक्य चुकत नाही. सिक्स सिग्मा ही दोष मोजण्याची आणि कमी करण्याची रीत. ती मोटोरोला कंपनीत १९८६ साली आकाराला आली आणि तिचं माप दहा लाख संधींमागे ३.४ चुका असं आहे. फोर्ब्सने १९९८ साली डबेवाल्यांवर लेख छापला, एवढं खरं. मासिक लेख छापतं, प्रमाणपत्रं वाटत नाही. आणि चुकांचा आकडा? कुठे साठ लाखांत एक, कुठे ऐंशी लाखांत एक, कुठे थेट एक कोटी साठ लाखांत एक. रोज दोन लाख डबे धरले तर साठ लाखांत एक म्हणजे महिन्याला एक चूक. ती कोण मोजत बसलंय हे कुणीच सांगत नाही. अंधेरीच्या फलाटावर सकाळी उभे राहा, डब्यावरच्या रंगीत खुणा बघा. त्या माणसांच्या कामाला खोट्या प्रमाणपत्राची गरज पडेल असं मला वाटत नाही.

गेटवेतून पंचम जॉर्ज आत आला, हेही असंच. तो आला १९११च्या डिसेंबरमध्ये, कमान पुरी झाली १९२४ला. त्याला दिसला तो पुठ्ठ्याचा नमुना. त्या कमानीतून वाजतगाजत गेली ती फेब्रुवारी १९४८मध्ये परत निघालेली इंग्रजांची शेवटची पलटण.

आमच्या वेळी पुस्तकाच्या शेवटी शुद्धिपत्र असायचं. 'पान ४२, ओळ ७, अमुक ऐवजी तमुक वाचावे.' लाज वाटायची ते चिकटवताना. साइटवर चूक सापडलीच तर गुपचूप पुसतात, तोवर ती आणखी वीस ठिकाणी गेलेली असते.

तर भाचीला चेव चढला. म्हणाली, बोंबलावर एक लेख मी नीट लिहिते. रविवारी आम्ही दोघं आमच्या नेहमीच्या कोळीण मावशींकडे गेलो. तिने विचारलं, "मावशी, याला बदक का म्हणतात?" मावशी म्हणाल्या, "बदक राणीच्या बागेत बघ जा." पण मग रंगल्या. डोलीच्या जाळ्यात बोंबील कसा लागतो, वाळत घालताना दोघांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडीने दोरीवर कसे टांगतात, पावसाळ्यात होड्या बंद असताना तेच सुके बोंबील घराला कसे पुरतात, सगळं हातवारे करून सांगितलं. गिऱ्हाईक थांबवून.

भाचीने चारशे शब्द लिहिले. त्यात डाकगाडी नव्हती. दुसऱ्या दिवशी साइटवरून निरोप आला, 'जबड्यांचा मजकूर इतर कुठल्याही साइटवर आढळत नाही, खात्री करता येत नाही, काढून टाकला आहे. डाकगाडीचा मुद्दा राहिला होता, तो घातला आहे.'

लेखाचे तिला ऐंशी रुपये मिळाले. मावशींकडून तिने त्या रविवारी दीडशेचे बोंबील घेतले होते.