आवाज थांबले, पण माणूस उठत नाही

श्रोतेहो, नमस्कार. स्किझोफ्रेनिया हा गंभीर मानसिक आजार जुना झाला की घरच्यांची तक्रार बदलते. "डॉक्टर, आता संशय नाही, एकट्याने बडबडणं नाही. पण दिवसभर नुसता पडून असतो. आंघोळीलाही दहा वेळा सांगावं लागतं. आळशी झालाय." आज या 'आळसा'बद्दलच बोलू या.

नसलेले आवाज ऐकू येणं, कुणीतरी पाळत ठेवतंय अशी पक्की खात्री होणं, बोलण्याचा धागा तुटणं ही पॉझिटिव्ह लक्षणं. ती आजाराने आणलेली असतात आणि घर हादरवतात, म्हणून उपचारांची धावपळ होते. १९५० च्या दशकात क्लोरप्रोमाझिन हे औषध आलं. तेव्हापासून डोपामिन या मेंदूतल्या रसायनाचा जोर आवरणाऱ्या गोळ्यांनी ती बऱ्याच जणांत ओसरतात.

निगेटिव्ह लक्षणं म्हणजे आजाराने हिरावून नेलेलं. उमेद जाते, बोलणं दोन शब्दांवर येतं, चेहरा कोरा होतो, माणसांची ओढ आटते. अनेकदा हे सगळं भासांच्याही आधी सुरू झालेलं असतं. तेव्हा मात्र 'वय आहे, होईल ठीक' म्हणून सोडून दिलं जातं. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. आवडीचं गाणं लागलं तर त्यातला आनंद अशा माणसाला बऱ्याचदा मिळतो. ते लावायला उठावं, ही ओढच लागत नाही.

या लक्षणांवर गोळ्यांचा उपयोग तोकडा पडतो, हे स्पष्ट सांगायला हवं. पण प्रत्येक गप्प बसणं मूळ आजाराचंच असतं असं नाही. कधी औषधाने अंग जड, ताठर होतं. कधी सोबत नैराश्य असतं. कधी आवाजच 'बोलू नकोस' म्हणून बजावत असतात. या कारणांवर इलाज करता येतो. म्हणून हे कधी सुरू झालं, डोस वाढवल्यानंतर का, हे डॉक्टरांना जरूर सांगा. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका.

आणि टोमणे? सततच्या टीकेच्या घरात आजार उलटण्याचा धोका वाढतो, हे अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. त्यापेक्षा एकच छोटं काम ठरवा, रोज त्याच वेळी, आणि सुरुवातीला सोबत करा. "फिरून ये" म्हणण्याऐवजी "चल, मीही येतोय" म्हणून बघा. पहिले काही दिवस तो नाहीच म्हणेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा.