रांगत्या बाळाच्या उंचीवरून

(दृश्य : खानापूर तालुक्यातील एक कौलारू घर. सकाळचा सोपा.)

कौलांमध्ये बसवलेल्या काचेतून सकाळचा कवडसा सोप्यात उतरतो, तेव्हा एरवी न दिसणारी हवा क्षणभर डोळ्यांना दिसू लागते. घरातली सून केरसुणीने सोपा लोटते आहे आणि कवडशात धुळीचे कण खालून वर उसळत आहेत. तिच्यापासून दोन हातांवर दहा महिन्यांचे मूल पोटावरून पुढे सरकत आले आहे. त्याने लाळेने ओली झालेली मूठ जमिनीवर टेकवली, तिला चिकटलेली लाल माती न्याहाळली आणि मूठ तोंडात घातली. दारात उभ्या असलेल्या आजोबांचे नाक जमिनीपासून पाच फुटांवर आहे, या मुलाचे नाक वीतभर उंचीवर. घर एकच असले, तरी दोघांच्या छातीत जाणारी हवा एकच आहे असे म्हणता येणार नाही.

घरातील धूळ आपण मोठ्या माणसांच्या उंचीवरून पाहत आलो आहोत. फडताळावर बोट फिरवून, खिडकीच्या गजांवर फडके मारून आपण घर स्वच्छ असल्याचा निर्वाळा देतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या सीमाभागातील घरांमध्ये या चित्रीकरणासाठी फिरताना आम्ही कॅमेरा मुद्दाम जमिनीलगत ठेवला, कारण ज्याच्या आरोग्याचा हा प्रश्न आहे, तो तिथे राहतो.

केर काढताना उडालेली धूळ पुन्हा खाली बसते, पण सगळी एकाच वेळी बसत नाही. माणसाच्या केसाची जाडी साधारण ७० मायक्रॉन असते; एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्याहून थोडा मोठा, १०० मायक्रॉनचा कण पाच फुटांवरून पाच-सहा सेकंदांत जमिनीवर येतो. १० मायक्रॉनच्या कणाला स्थिर हवेत तेच अंतर उतरायला सुमारे आठ मिनिटे लागतात आणि १ मायक्रॉनच्या कणाला जवळजवळ बारा तास. घरातल्या माणसांची ये-जा, पंखा आणि वारा यांमुळे हा शेवटचा कण बहुधा खाली बसतच नाही. डोळ्यांना खुपणारी जाड धूळ नाकातच अडकते आणि शेंबडावाटे बाहेर पडते. जी दिसत नाही, ती फुप्फुसाच्या तळापर्यंत जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली अडीच मायक्रॉनपर्यंतच्या कणांची वार्षिक सरासरी मर्यादा एका घनमीटर हवेत ५ मायक्रोग्रॅम इतकी खाली आणली. भारताचे २००९चे मानक ४० मायक्रोग्रॅमचे आहे. ही दोन्ही मानके मोकळ्या हवेच्या संदर्भात सांगितली जातात, आणि तान्हे मूल तर दिवसाचा बहुतेक वेळ घरातच काढते.

लहान मूल वजनाच्या मानाने मोठ्या माणसापेक्षा जास्त हवा घेते. त्याच्या श्वासनलिका अरुंद असतात, त्यामुळे थोडी सूज आली तरी वाट चिंचोळी होते. जन्मानंतरही काही वर्षे फुप्फुसात नवे वायुकोश तयार होत असतात, म्हणजे ज्या वयात अवयव घडतो आहे, त्याच वयात त्याच्यावर धुळीचा मारा होत असतो. त्यात हात तोंडात घालण्याची सवय. ती वाईट सवय नव्हे. जग ओळखण्याची त्याची तीच रीत आहे, आणि तिच्यासाठी मुलाच्या हातावर चापट मारणाऱ्या मोठ्यांना आम्ही कळकळीने सांगू इच्छितो की चूक हाताची नाही, जमिनीची आहे.

(दृश्य : पावसाळ्यातील आतली खोली. वलणीवर दमट कपडे. भिंतीवर ओलीचे नकाशे.)

धूळ म्हणजे केवळ माती नव्हे. माणसाच्या कातडीची सूक्ष्म साल, कपड्यांचे धागे, केस, चुलीची काजळी, परागकण, बुरशीचे बीजाणू, झुरळांच्या शरीराचे तुकडे असे सारे तिच्यात मिसळलेले असते. त्या मिश्रणाचे प्रमाण मात्र गावागणिक बदलते. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटरवर असलेल्या बेळगावात आणि त्याहूनही अधिक पावसाच्या खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या घाटपट्ट्यात पावसाळा जून ते सप्टेंबर मुक्कामाला येतो. कपडे घरातच वाळत घालावे लागतात, गाद्यांना कुबट वास येतो, भिंतींना पोपडे धरतात. पूर्वेला अथणीकडे हवा कोरडी होते आणि काळ्या रानाची माती वाऱ्याबरोबर घरात शिरते.

ओलसर घरातील धुळीत एक सूक्ष्म जीव वाढतो; इंग्रजीत त्याला ‘डस्ट माइट’ म्हणतात. तो कीटक नाही, कोळ्याच्या कुळातला आहे. लांबी मिलिमीटरच्या पाव ते तिसऱ्या भागाएवढी, त्यामुळे नुसत्या डोळ्यांना तो जवळपास दिसतच नाही. माणसाची गळलेली कातडी हे त्याचे अन्न आहे. तो पाणी पीत नाही; हवेतील बाष्प शरीरात शोषून घेतो, म्हणून हवेतील आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली बराच काळ टिकली की तो सुकून मरतो. तो चावत नाही आणि रोगही पसरवत नाही. त्रास होतो तो त्याच्या विष्ठेचा. तिच्या सुमारे २० मायक्रॉनच्या गोळ्यांमध्ये प्रथिने तोडणारी द्रव्ये असतात, आणि ती श्वासमार्गाच्या आतल्या अस्तराला इजा करून आत शिरतात. ज्या मुलांची प्रकृती ॲलर्जीची असते, त्यांना मग शिंका, नाक वाहणे, डोळ्यांची खाज, कातडीवरचा इसब आणि पुढे दमा असा त्रास सुरू होतो. धुळीच्या ॲलर्जीचे मूळ या जिवाशी आहे, हे नेदरलँड्समधील संशोधकांनी १९६४ साली दाखवून दिले. हा जीव सर्वाधिक संख्येने सापडतो तो उशीत, गादीत आणि आपल्याकडच्या जाड, अनेक थरांच्या वाकळेत, म्हणजे मूल जिथे नाक खुपसून रात्रभर झोपते, नेमके तिथे.

येथे आपल्या एका जुन्या रिवाजाची आठवण येते. घटस्थापनेच्या आधी घरातील सगळ्या वाकळा, चादरी, घोंगडी बाहेर काढून मलप्रभा, मार्कंडेय, वेदगंगा किंवा हिरण्यकेशीच्या काठावर धुण्याची आणि दगडांवर वाळत घालण्याची प्रथा या भागात अजून टिकून आहे. दसऱ्याची धुणी म्हणतात ती हीच. चार महिन्यांच्या ओलीत हे सूक्ष्म जीव सर्वाधिक वाढलेले असतात आणि ऊन नुकतेच पडू लागलेले असते, नेमक्या त्याच वेळी घरातील सारे अंथरूण एकदम धुऊन निघते. ज्यांनी ही प्रथा घालून दिली त्यांना सूक्ष्मदर्शक ठाऊक नव्हता, परंतु वेळ त्यांनी अचूक साधली होती. थंड पाण्याने विष्ठा आणि धूळ निघून जाते, जीव मात्र पुष्कळसे तगतात. ते मरण्यासाठी ५५ ते ६० अंश सेल्सियस तापमानाचे पाणी लागते. बंबातले कढत पाणी याला पुरेसे आहे. दम्याच्या मुलाची चादर आणि उशीचा अभ्रा दर आठवड्याला असा धुवायला हवा. वर्षातून एकदा नव्हे.

(दृश्य : निपाणी परिसरातील घर. सुपातील तंबाखू. कडेला साडीची झोळी.)

निपाणी हे तंबाखूचे गाव. १९८१ साली तंबाखूला दर मिळावा म्हणून येथील शेतकऱ्यांनी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली केलेले आंदोलन अनेकांना आठवत असेल. या पिकाचे दुसरे टोक गल्लीगल्लीतील घरांमध्ये आहे. भिजवून कातरलेले तेंदूचे पान, त्यात चिमूटभर तंबाखू, बोटांची एक वळी आणि दोऱ्याची गाठ अशी शेकड्यांनी विड्या वळणारी बाई सकाळपासून मांडीवर सूप घेऊन बसलेली असते. मजुरी हजार विड्यांमागे ठरते, त्यामुळे हात थांबवून चालत नाही. सुपातला तंबाखू सारखा करण्यासाठी तिने सूप एकदा हलवले, की पिवळसर भुकटी उठते. ती साडीवर, पोलक्याच्या बाहीवर, शेजारच्या झोळीच्या काठावर बसते. झोळीतले बाळ शिंकले की एका हाताने झोका देऊन ती पुन्हा कामाला लागते.

या भुकटीत निकोटीन असते आणि ते कातडीतूनही शरीरात शिरते. आईने हात न धुता बाळाला पाजायला घेतले, तर ती भुकटी त्याच्या ओठांपर्यंत पोहोचते. म्हणून सूप पाखडायचे ते अंगणात किंवा परसात, मूल झोपते त्या खोलीत नव्हे. पाजण्याआधी साबणाने हात धुवायचे आणि कामाचे लुगडे बदलायचे. हे सांगणे सोपे आहे. एका खोलीच्या घरात परस आणायचे कुठून, याचे उत्तर त्या बाईने द्यावे अशी अपेक्षा करणे आम्हांला अन्यायाचे वाटते. १९६६च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईलाही कामगार मानले. मग तिचे घर हा कारखानाच झाला, आणि कारखान्यातील धुळीची जबाबदारी कधीही एकट्या कामगाराची नसते.

बेळगावच्या वडगाव, खासबाग, शहापूर भागात यंत्रमाग पुढच्या खोलीत असतो आणि पाळणा मागच्या. सुताचे तूस दारे-खिडक्यांच्या कडांवर पांढऱ्या लवेसारखे जमते. उद्यमबागेतील ओतकामाच्या कारखान्यांतून घरी येणारा बाप वाळूची आणि धातूची बारीक धूळ कपड्यांवर घेऊन येतो, आणि मूल धावत जाऊन त्याच्या पायांना मिठी मारते. ती मिठी थांबवू नये. कपडे दाराशीच बदलून, हातपाय धुऊन मग मुलाला उचलावे आणि ते कपडे मुलांच्या कपड्यांत मिसळू नयेत.

जुन्या वाड्यांच्या दारांवरचा तेलरंग हा आणखी एक विषय आहे. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांमागे ९० भागांपेक्षा जास्त नसावे, हा नियम नोव्हेंबर २०१७पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगांत शिसे असू शकते. लग्नकार्याच्या निमित्ताने असे दार पॉलिश कागदाने घासले की त्याची भुकटी जमिनीवर उतरते. पोटात गेलेले शिसे लहान मुलांचे शरीर मोठ्यांच्या चार ते पाच पट शोषून घेते, आणि ते मेंदूच्या वाढीवर परिणाम करते. शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी जागतिक आरोग्य संघटना मानत नाही. रंग कोरडा घासू नये, पाणी मारून घासावा, आणि त्या आठवड्यात मुलांना आजोळी धाडावे.

धुराचे कण हीही घरातील धूळच. चुलीचा धूर पाच वर्षांखालील मुलांमधील न्यूमोनियाचा धोका जवळजवळ दुप्पट करतो. गॅस आला तरी अंघोळीच्या पाण्यासाठी लाकडे जळतच असतात, आणि रात्री बंद खोलीत डासांची कॉइल लावली जाते. एक कॉइल पूर्ण जळताना निघणाऱ्या सूक्ष्म कणांचे वजन ७५ ते १३७ सिगारेटींमधून निघणाऱ्या कणांइतके भरते, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत आढळले होते. लहान मुलाच्या उशाशी मच्छरदाणीच हवी.

(दृश्य : गोठा. वासराच्या गळ्यात हात टाकून उभी मुलगी.)

एवढे ऐकल्यावर एखादी आई घाबरून मुलाला मातीपासूनच तोडेल, आणि ती मोठी चूक ठरेल. २०१६ साली अमेरिकेतील दोन शेतकरी समाजांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दोघांचे पूर्वज युरोपातून आलेले, आहार बराचसा सारखा. अमिश समाजातील मुले घरालगतच्या गोठ्यात वाढतात, हटेराइट समाजाची शेती मोठ्या यंत्रांवर चालते आणि त्यांची मुले गोठ्यापासून दूर असतात. पहिल्या समाजातील शालेय मुलांमध्ये दम्याचे प्रमाण सुमारे ५ टक्के होते, दुसऱ्यात सुमारे २१ टक्के. अमिश घरांच्या धुळीत जिवाणूंच्या अंशांचे प्रमाण जवळजवळ सात पट होते. गोठ्यातील सूक्ष्म जिवांशी बालपणीच ओळख झाल्याने शरीराची प्रतिकारव्यवस्था उगाच चवताळत नाही, असा त्याचा अर्थ लावला जातो. म्हणून गोठ्यातले, शेताच्या बांधावरचे खेळणे बंद करण्याचे कारण नाही. ज्याला दमा जडलेला आहे, त्याच्यापुरता मात्र डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. आमचा आक्षेप आहे तो बंद खोलीत साचलेल्या, काजळी, तंबाखू, शिसे आणि ओल मिसळलेल्या धुळीवर.

(दृश्य : पुन्हा पहिले घर. बादली, फडके.)

दुसऱ्या दिवशी त्याच सोप्यात सुनेने आधी ओल्या फडक्याने जमीन पुसली. दोन खोल्या होईपर्यंत बादलीतले पाणी विटेच्या रंगाचे झाले होते. कवडसा तसाच उतरला होता, पण त्यात उसळणारे कण आता मोजता येण्याइतके विरळ होते. जिथे केरसुणी टाळता येत नाही, तिथे पाणी शिंपडून केर काढावा, दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि मुलाला तेवढा वेळ बाहेर न्यावे. चपला उंबऱ्याबाहेर काढण्याचा आपला संस्कार तर या बाबतीत सर्वांत स्वस्त उपाय आहे.

तरीही मूल आजारी पडेल, तेव्हा घरातली म्हातारी माणसे जे म्हणतात ते दुर्लक्षू नये. ‘अगं, बाळाचं पोट उडतंय बघ,’ असे आजी म्हणते, तेव्हा तिने श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असल्याचे अचूक टिपलेले असते. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट त्याचे श्वास मोजावेत. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षांत ४० किंवा अधिक श्वास भरले, तर लेप, वाफ किंवा काढ्यात वेळ न घालवता दवाखाना गाठावा. पोट उडत असेल, तर मोजत बसण्याचीही गरज नाही.

दम्याचे निदान झाले की अनेक घरांत इन्हेलरला नकार मिळतो. ‘एकदा लागला की सुटत नाही,’ ही समजूत त्यामागे असते. इन्हेलरची सवय लागत नाही. औषध थेट श्वासनलिकेत जात असल्याने ते गोळी किंवा पातळ औषधापेक्षा कितीतरी कमी मात्रेत काम करते. लहान मुलासाठी त्याला स्पेसर, म्हणजे औषधाचा फवारा धरून ठेवणारी पोकळ नळी, जोडावा लागतो, आणि तो वापरायचा कसा हे दवाखान्यातून निघण्याआधी आईने डॉक्टरांसमोर एकदा करून दाखवावे. मूल शाळेत जात असेल, तर वर्गाचा केर मुले येण्यापूर्वी तासभर आधी काढला जावा, अशी विनंती मुख्याध्यापकांना करावी, आणि इन्हेलर दप्तराच्या कोणत्या कप्प्यात आहे, हे वर्गशिक्षकांना सांगून ठेवावे.