झोंबी आले तर चादर काढा

(सिद्धेश्वर तलाव. पहाट. काठानं एक जण पाय ओढत येतोय.)

लांबून बघितलं तर झोंबीच वाटतो. घाई करू नका. पहाटे साडेपाचला तलावाकाठी असं चालणारे बरेच भेटतात, त्यातले निम्मे डॉक्टरांनी पाठवलेले. म्हणून आधी हाक मारायची. "काय बे?" उत्तर नाही आलं तर कन्नडमध्ये विचारा, मग तेलुगूत. तिन्ही भाषांत गप्प बसणारा सोलापूरकर जिवंत असूच शकत नाही.

(गल्लीतली पोरं. तोंडाला पीठ, हनुवटीवर बिटाचा रस.)

हे आमचे झोंबी. मान वाकडी, चाल संथ. ही चाल रूढ केली जॉर्ज रोमेरोच्या १९६८ च्या कृष्णधवल सिनेमानं. गंमत म्हणजे त्यात 'झोंबी' हा शब्द कुणी उच्चारतच नाही. पुढच्या सिनेमावाल्यांनी झोंब्यांना पळायला लावलं. पळोत बापडे. मे महिन्यात, भर दुपारी दोनला, आमच्या सात रस्ता चौकात पळून दाखवा म्हणावं.

(यंत्रमागाचं शेड. धोटा इकडून तिकडे.)

आता मुद्द्याचं. झोंबी आवाजावर येतो म्हणतात, म्हणजे पहिला हल्ला इथंच. पण या खडखडाटात आयुष्य काढलेली माणसं बोलतात ती ओठांवरून आणि खुणांवरून. बघा, काकांनी नुसती भुवई उडवली आणि पलीकडच्यानं माग थांबवला. तोंडातून शब्द नाही.

मागावर जकार्ड. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरत राहते. भोक असेल तिथं ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तिथं खालीच राहतो, आणि त्या उचल-ठेवीतून मोर उमटतो. कापड दुहेरी. या बाजूला हिरव्या जमिनीवर लाल मोर; उलटा, लाल जमिनीवर हिरवा. मध्येच धागा तुटला. काकांनी गाठ मारली. कॅमेऱ्यासाठी आम्ही ती तीनदा मारायला लावली, तिन्ही वेळा दिसली नाही.

अशी चादर दंडाला दोन वेढे गुंडाळायची. आमच्या एका झोंबीनं खरंच चावून बघितलं. दातात सूत अडकलं, चादरीला काही नाही.

(घर. पाण्याची पिंपं, कडक भाकरीची चवड.)

२०११ साली अमेरिकेच्या सीडीसीनं, म्हणजे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेनं, झोंबी आले तर घरात काय हवं याची यादी काढली. आणीबाणीची तयारी लोकांच्या गळी उतरवायची युक्ती. वाचायला एवढी झुंबड उडाली की वेबसाइट बंद पडली. यादीत पाणी माणशी रोज एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर. नळाची वाट बघत दिवस मोजणाऱ्या गावाला पाणी साठवायला शिकवतायत! टिकाऊ अन्न? कडक भाकरी, शेंगाचटणी. आणि त्याच यादीत टॉवेल आणि ब्लँकेट. टेरी टॉवेल आणि चादर, दोन्हींचं भौगोलिक मानांकन सोलापूरच्या नावावर. ब्लँकेट लिहिलंय, कारण त्यांनी चादर बघितली नसणार.

तरीही चावलाच, तर तुम्ही पिठाच्या बाजूला. पुढे.

(शेड. संध्याकाळ. झाकलेले माग.)

इथं आठ माग आहेत. आवाज येतोय तो तिघांचा.

चावणाऱ्या पोरानं चादर अजून परत दिलेली नाही. धुऊन आणतो म्हणाला, बिटाचा डाग पडलाय.