बोलायला जागा

नमस्कार श्रोतेहो.

मी समुपदेशक आहे. माणसांचं ऐकणं हे माझं काम. या कामात एक प्रश्न मला वारंवार विचारला जातो: "नुसतं बोलून काय होणार? गेलेलं माणूस परत येणार आहे का?"

नाही येणार. प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तरही सरळच देते.

माझे वडील गेले तेव्हा भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, "धीर धर, आता तुलाच सगळ्यांना सांभाळायचंय." मी धीर धरला. चार महिन्यांनी कपाट आवरताना त्यांच्या चष्म्याची डबी हाताला लागली. उघडली, तर आत काच पुसायचं फडकं, चौकोनी घडी घातलेलं. मी तिथेच मटकन खाली बसले. पुढे ज्या बाईंकडे मी बोलायला जाऊ लागले, त्यांनी मला धीर दिला नाही. त्यांनी विचारलं, "घडी कशी घालायचे ते?" त्या एका प्रश्नावर मी पाऊण तास बोलत होते. दुःख तेवढंच राहिलं, पण त्या रात्री झोप लागली.

'बोलण्याचा उपचार' हे नाव एका रुग्ण मुलीनेच दिलं आहे. 1880 साली आजारी वडिलांची शुश्रूषा करता करता बेर्टा पापेनहाइम स्वतः आजारी पडली. व्हिएन्नाचे डॉक्टर योसेफ ब्रॉयर तिच्याकडे जात, तिचं ऐकत. त्या ऐकण्याला तिने हे नाव दिलं. ती त्याने लगेच बरी झाली, असं मात्र नाही. नंतरही तिला उपचारासाठी रुग्णालयात राहावं लागलं. पुढे तिने निराधार मुली आणि स्त्रियांसाठी मोठं काम उभं केलं. हा अर्धा भाग सहसा सांगितला जात नाही; मला तो सांगावासा वाटतो, कारण बरं होणं हे असंच, मागेपुढे होत असतं.

शोकाचंही तसंच. मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शुट या अभ्यासकांनी 1999 मध्ये मांडलं, की शोकातलं माणूस दोन टोकांमध्ये ये-जा करतं: कधी आठवणीत बुडतं, कधी बिलं भरतं, कामाला लागतं, हसतंसुद्धा. तेव्हा हसू आलं म्हणून स्वतःला अपराधी मानू नका.

आघाताच्या बाबतीत मात्र फार जपावं लागतं. अपघात, हिंसा, अत्याचार यांतून गेलेल्या माणसाचं शरीर ती घटना धरून बसलेलं असतं. दार आपटलं की छातीत धडधडतं, अंगाला घाम फुटतो. अशा माणसाला "सगळं सांगून मोकळी हो" म्हणणं चुकीचं आहे. घटनेनंतर लगेच, एकाच बैठकीत सगळं बोलायला लावण्याचा उपयोग होत नाही, उलट काहींचा त्रास वाढतो, असं अभ्यासांतून दिसलं आहे. मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी 1992 मध्ये सांगितलेला क्रम मला पटतो: आधी सुरक्षितता, मग आठवण आणि शोक, मग माणसांत परतणं. म्हणून मी आधी झोपेचं विचारते, जेवण जातं का ते विचारते. पाय जमिनीला नीट टेकवायला सांगते, श्वास सावकाश सोडायला सांगते. कधी अख्खी भेट एवढ्यातच जाते. समग्र उपचार म्हणजे माझ्या लेखी हे: मन, शरीर, घरची माणसं, श्रद्धा असेल तर तीही, सगळं विचारात घेणं. मात्र या नावाखाली कोणी डॉक्टरांची औषधं बंद करायला सांगत असेल, तर तिथून उठून या.

आणि जगूच नये असं वाटत असेल, तर पुढच्या भेटीची वाट पाहू नका. आजच, आत्ता, जवळच्या कुणाला तरी सांगा आणि डॉक्टरांकडे जा.

बाकी पहिल्या भेटीला तयारी करून जावं लागत नाही. तुमचं शिक्षण काय, बोललेलं गुप्त राहील का, कोणत्या प्रसंगी राहणार नाही, हे बेधडक विचारा. रडू आलं नाही तरी चालतं, गप्प बसलात तरी चालतं. सूर जुळला नाही तर दुसरीकडे जा. मीही आधी दोघांकडे जाऊन परत आले होते. घडीबद्दल विचारणाऱ्या त्या बाई तिसऱ्या.