कारण त्यांनीच लिहून ठेवलंय

१८७३ साली जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' प्रसिद्ध केलं आणि ते अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं. गुलामांना दास्यातून सोडवल्याबद्दलचा तो मान होता. संघराज्यातून फुटलेली दक्षिणेकडची गुलामगिरीची राज्यं आणि उत्तर यांच्यातलं अमेरिकेचं यादवी युद्ध संपून तेव्हा आठच वर्षं झाली होती. ते कशावरून पेटलं, याबद्दल पुण्यात बसलेल्या या माणसाच्या मनात संशय नव्हता. आज मात्र मला चांगले वाचते लोक विचारतात, "ते युद्ध राज्यांच्या हक्कांसाठी झालं ना? आयात मालावरच्या जकातीवरून झालं ना?"

मी म्हणतो, जे फुटून निघाले त्यांचे कागद वाचा.

अब्राहम लिंकन नोव्हेंबर १८६० मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष म्हणून निवडून आले. गुलामगिरी आहे तिथे आपण तिला हात लावणार नाही, पण नव्या प्रदेशांत ती पसरू देणार नाही, एवढीच त्यांची भूमिका होती. तेवढ्यावर २० डिसेंबरला साऊथ कॅरोलिना संघराज्यातून बाहेर पडलं. त्या राज्यात निम्म्याहून अधिक माणसं गुलाम होती. चार दिवसांनी त्यांनी कारणांचा जाहीरनामा काढला. त्यातली मुख्य तक्रार काय? उत्तरेकडची राज्यं पळालेले गुलाम परत करत नाहीत. न्यूयॉर्कमधून जाताना मालकाला आपला गुलामही सोबत नेता येत नाही.

इथे जरा थांबू. न्यूयॉर्कने स्वतःच्या हद्दीत गुलामगिरी नाकारली, हा राज्याचा हक्कच होता. दक्षिणेला तो हक्क मोडून हवा होता आणि त्यासाठी केंद्राची सत्ता हवी होती. पळालेले गुलाम परत करायला लावणाऱ्या १८५० च्या केंद्राच्या कायद्याने तिला ती मिळालीही होती. पकडलेल्या माणसाला स्वतःच्या बाजूने साक्ष देता येत नसे. निवाडा करणाऱ्या आयुक्ताला, माणूस मालकाच्या हवाली केला तर १० डॉलर आणि सोडला तर ५ डॉलर मिळत. हा तपशील मी पहिल्यांदा वाचला तेव्हा बराच वेळ पुढचं पान उलटवलं नाही.

जकातीचं म्हणाल, तर १८५७ च्या कायद्याने दर उतरले होते आणि दक्षिणेची मतं त्याच्या बाजूने होती. दर वाढवणारा कायदा मार्च १८६१ मध्ये झाला. तोवर सात राज्यं निघून गेली होती.

फुटलेल्यांपैकी मिसिसिपी राज्याने तर आडपडदाच ठेवला नाही: आमची भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे एकरूप आहे. २१ मार्च १८६१ ला सव्हाना शहरात, फुटलेल्या राज्यांच्या नव्या सरकारचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीव्हन्स यांनी सांगितलं की, काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही, हीच आमच्या नव्या सरकारची कोनशिला. हेच स्टीव्हन्स पराभवानंतर मोठाले ग्रंथ लिहून सांगू लागले की वाद राज्यघटनेच्या अर्थाचा होता. लोकांच्या कानावर आज पडतं ते हे नंतरचं बोलणं.

एक प्रसंग सांगतो. मे १८६१, व्हर्जिनिया. फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाउनसेंड हे तिघे गुलाम दक्षिणेच्या सैन्यासाठी तोफांचा मोर्चा बांधायला जुंपले होते. २३ तारखेला व्हर्जिनियाच्या मतदारांनी फुटण्यावर शिक्कामोर्तब केलं. त्याच रात्री हे तिघे होडीने खाडी ओलांडून उत्तरेच्या ताब्यातल्या मन्रो किल्ल्यात आले. दुसऱ्या दिवशी दक्षिणेचा एक मेजर पांढरं निशाण घेऊन दारात हजर. मागणी काय, तर १८५० च्या कायद्याप्रमाणे आमचे गुलाम परत द्या. ज्या देशाशी संबंध तोडला, त्याच देशाचा कायदा!

किल्ल्यावरचे जनरल बटलर मुळात वकील. ते म्हणाले, तुम्ही स्वतःला परका देश म्हणवता, मग तो कायदा तुम्हाला लागू नाही. तिघे किल्ल्यातच राहिले. ही बातमी गुलामांच्या वस्त्यांत पोचली आणि काही दिवसांत बायकापोरांसकट लोक त्या किल्ल्याची वाट चालू लागले.