लाइट बंद केल्यानंतर टँकमध्ये

नमस्कार मंडळी. आज बोलूया खाऱ्या पाण्याच्या टँकमधल्या शोभेच्या कोळंबीबद्दल, लाल पाठीवर पांढरा पट्टा असतो ना, ती क्लीनर श्रिंप. घरी पाळली की एक दिवस तिच्या पोटाखाली हिरवट दाण्यांचा घोस दिसतोच, आणि मग पहिला प्रश्न, यातला नर कुठला नि मादी कुठली?

तर हिच्यात तो प्रश्नच नाही. लहानपणी ती नर असते आणि मोठी झाली की नर-मादी दोन्ही एकाच अंगात. म्हणून कुठल्याही दोन मोठ्या कोळंब्या एकत्र ठेवल्या की जोडी जमली, फक्त एकटी असेल तर स्वतःची अंडी स्वतः फळवता येत नाहीत. लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या, लांब नांग्यांच्या बँडेड कोरल श्रिंपचं मात्र वेगळं, तिथे नर-मादी वेगवेगळे असतात आणि चुकीची जोडी टाकली तर एकमेकींना मारूनही टाकतात.

क्लीनरच्या जोडीत रात्री एक जण कात टाकते, अंग मऊ असतं, तेवढ्या काही तासांतच दुसरी येऊन मीलन होतं. सकाळी तळाला रिकामी कात दिसली की कित्येकांना वाटतं कोळंबी मेली, अहो मेली नाही, दगडामागे बघा, अंडी घेऊन बसलीय. पोटाखालच्या पायांना चिकटलेली ती अंडी ती सतत हलवत राहते, त्यांना ताजं पाणी मिळावं म्हणून. साधारण दोन आठवडे हे चालतं, हिरवा रंग फिका होत चंदेरी होतो, आणि टॉर्च मारून नीट बघितलंत तर प्रत्येक अंड्यात दोन काळे ठिपके दिसतात. ते डोळे! ते ठळक दिसले की पुढच्या रात्री जागं राहायची तयारी ठेवा.

लाइट बंद झाल्यावर थोड्या वेळाने ती पोट झटकते आणि शेकडो पिल्लं धुळीसारखी पाण्यात सुटतात. सकाळी एकही उरत नाही, मासे आणि कोरल (प्रवाळ) त्यांना खातात, बाकीची फिल्टरमध्ये जातात. मला हे दरवेळी वाईट वाटतं, कारण दुकानातल्या बहुतेक क्लीनर श्रिंप अजूनही समुद्रातूनच पकडून आणलेल्या असतात.

वाचवायची असतील तर पंप बंद करा, एका कोपऱ्यात टॉर्च लावा, पिल्लं उजेडाकडे गोळा होतात, मग कपाने हळूच पाण्यासकट उचला. जाळी अजिबात नको, त्यांचे लांब वल्ह्यासारखे पाय लगेच तुटतात. गोल तळाचं भांडं, हवेचे मंद बुडबुडे, अंड्यातून नुकतीच फुटलेली आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले बारीक जीव, पिल्लांचं खाद्य) रोज ताजी, आणि पाणी स्वच्छ. तांब्याचं औषध पडलेलं भांडं तर वापरूच नका, कोळंबीला ते विष आहे.

आणि धीर लागतो हो, खूप. पेपरमिंट श्रिंप ही क्लीनरचीच जवळची नातेवाईक, तिची पिल्लं एक-दोन महिन्यांत तरंगणं सोडून तळावर राहू लागतात, क्लीनरची कित्येक महिने तरंगतच राहतात, खाणं कमी पडलं तर नुसती कात टाकत राहतात पण पुढे सरकत नाहीत. म्हणून सुरुवात पेपरमिंटपासूनच करा असं मी सांगेन.

या खेपेला हुकलं तर आईकडे बघा. पिल्लं सुटल्यावर एक-दोन दिवसांत ती परत कात टाकते, आणि पाठीतून आधीच हिरवी झाक दिसत असते, ती पुढची खेप.